तरुण संघावरचा चेकर

दाविदकाका प्रार्थनेत एकच डोळा मिटतात, डावा. उजवा उघडा असतो आणि तो सगळ्या मंडळीवरून फिरत असतो. हे मला कसं कळलं, असं विचारू नका. चर्चचा तरुण संघ चालवणाऱ्या बाईला अधूनमधून डोळे किलकिले करावेच लागतात. दर रविवारी आमची अशी नजरानजर होते आणि आम्ही दोघंही काही पाहिलंच नाही असं दाखवतो.

"काका, देवाच्या घरात तरी इतका संशय बरा नव्हे," मी एकदा म्हटलं.

"ताई, तीस वर्सं म्या गाड्या तपासल्या. ज्यानं तिकीट काडलेलं नसतं ना, त्योच डोळं मिटून बसतो. झोपेचं सोंग घेतो. तवापासनं डोळं मिटलेल्या मानसाची मला लई धास्ती."

काका एसटीत तिकीट तपासनीस होते. फाट्यावर उभं राहायचं, हात करून गाडी थांबवायची आणि चढल्या चढल्या पहिल्या सीटपासून सुरुवात करायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. धाराशिवात सगळे त्यांना चेकरकाका म्हणतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तपासणी काही थांबली नाही. गाडीच्या जागी आमचं चर्च आलं, एवढाच फरक.

"कायतरी गोम हाय" हे त्यांचं आवडतं वाक्य. पाळकसाहेबांनी रविवारची उपासना जरा लवकर आटोपली, तरी गोम. कुणी चहात साखर जास्त घातली, तरी गोम. नर्सिंगला शिकणारी सास्तूरची एक मुलगी पहिल्यांदा आमच्या शनिवारच्या सभेला आली, तेव्हा काकांनी तिला दारातच धरलं.

"कशापायी आलीस?"

"गाणी आवडतात, काका."

"गान्यापायी एवढ्या लांब हॉस्टेलवरनं कोन येतं? खरं सांग."

पोरगी रडकुंडीला आली आणि म्हणाली, "करमत नाही." काकांनी तिला बराच वेळ न्याहाळलं आणि वाट सोडली. "हे पटतंय," एवढंच बोलले.

नवीन वर्षाच्या उपासनेला आमच्याकडे बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचा डबा फिरतो. ज्याला जी चिठ्ठी निघेल, ते त्याचं वर्षभराचं वचन. आमच्या पोरांनी रात्र रात्र बसून चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. काकांनी डबा मांडीवर घेतला आणि एकेक चिठ्ठी उलगडून वाचायला लागले. मागची रांग ताटकळली.

"ह्यात एकबी वाईट न्हाय," ते म्हणाले. "सगळी चांगलीच निवडून घातलीत. मंग हे देवानं दिलं का तुमी?"

पाळकसाहेबांनी डबा काकांच्या मांडीवरून उचलला आणि मागच्या रांगेकडे दिला.

पण खरी कमाल झाली ती तरुणांच्या मेळाव्यात. बाहेरगावचे एक वक्ते आले होते. उमरग्याहून लोहाऱ्याला येताना आपली जीप कशी दरीच्या काठावर लटकली आणि देवाने कसं वाचवलं, अशी त्यांची साक्ष रंगात आली होती. पोरं श्वास रोखून ऐकत होती. मागच्या बाकावरून काका उठले.

"त्या रोडला दरी कुठाय?"

वक्ते गडबडले. "म्हणजे ओढा असेल..."

"पानी हुतं का वढ्याला?"

"नव्हतं बहुतेक."

"मंग खड्डा म्हना की. दरीच पायजे हुती, तर तुळजापूरच्या घाटात पडायचं."

सभा हसली, वक्ते बसले आणि मेळावा आटोपला. त्या दिवशी मी इतकी संतापले होते की काकांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

अशा माणसाने दर शनिवारी पाचच्या ठोक्याला आमच्या सभेच्या दारात येऊन उभं राहावं, याचा अर्थ काय घ्यायचा? ते आत यायचे नाहीत. घड्याळ बघायचे, दार उघडं आहे ना ते बघायचे, आत डोकावायचे आणि निघून जायचे. आमची खोली चर्चच्या मागे आहे आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळींचा तिच्यावर डोळा होता. त्यांना तिथे लग्नाच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या. तरुण संघ नुसता नावाला उरलाय हे सिद्ध झालं की खोली त्यांची. मी मनाशी पक्कं केलं की पंचांनी हा चेकर आपल्यावर नेमला आहे. संशय हा सर्दीसारखा असतो. काकांचा मला लागला होता.

आणि सिद्ध करायला उरलंच काय होतं? विसाचे बारा झाले, बाराचे पाच. कुणी नोकरीला पुण्याला गेलं, कुणाची परीक्षा, कुणाला कंटाळा. मी दिवसभर कॉलेजच्या लायब्ररीत राबून शनिवारी धावत यायची आणि रिकाम्या बाकांना हसून दाखवायची. दोन महिने मनात एकच विचार होता, की आता पुरे. येत्या शनिवारी सभा झाली की पाळकसाहेबांना सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

त्या शनिवारी एकही जण आला नाही. सव्वापाचला मी कुलूप हातात घेतलं, तर पाचला डोकावून गेलेले काका पुन्हा दारात उभे होते.

"बंद करताय?"

"कोणी नाही काका. जाऊन सांगा पंचांना."

"पंचांचं काय काम?" असं म्हणत ते पहिल्यांदाच आत आले आणि पुढच्या बाकावर बसले. "गाडी रिकामी हाय म्हनून डेपोत उभी करत न्हाईत, ताई. टायमाला सोडत्यात. फुडच्या फाट्यावर कोन उभं असंल, तुमाला काय ठाव? घ्या सुरू."

मला रडू येत होतं आणि रागही. पण सुरू केलं. आम्ही दोन गीतं म्हटली. काकांचा सूर भलत्याच गावाला जात होता. मग मी वचन वाचलं आणि वीस पोरांसाठी तयार केलेला संदेश त्या एका म्हाताऱ्याला दिला. विषय होता, मन खचू न देणे. बोलता बोलता माझी नजर बाकावर ठेवलेल्या कुलपाकडे गेली आणि मी थांबले.

"तुमी सोडनार हुता," काका म्हणाले. "बिनतिकिटाचा मानूस चेकर चडला की डोळं मिटतो, न्हायतर खिडकीभाईर बघतो. तुमी दोन म्हैने झालं, खिडकीभाईर बघताय."

"हो," मी म्हटलं.

"ह्या खोलीत तीस वर्सांमागं तरुण संघ म्याच चालवत हुतो. एका शनवारी कुनीबी आलं न्हाय. सव्वापाचला टाळं लावलं आन घरला गेलो. आमचा पोरगा प्रकाश चार म्हैने माज्यावर रुसला हुता, सभंला येत नव्हता. त्या दिशी आपनहून आला, साडेपाचला." काकांनी दाराकडे पाहिलं. "टाळं बघून माघारी फिरला. त्यानंतर चर्चची पायरी चडला न्हाय. आता पुण्याला असतो. फोनवर बोलतो, तब्येत इचारतो. देवाचं नाव काडलं की म्हनतो, दादा, रेंज न्हाय."

इतके शनिवार हा माणूस मला पकडायला येतोय असं मी समजत होते, याची मला मनापासून लाज वाटली.

सहा वाजले. आम्ही प्रार्थना करून उठलो. काका दारात घुटमळले.

"आज रातच्याला प्रकाशला फोन लावतो. म्हनतो, शनवारी पाचला सभा असती, उशीर झाला तरी ये."

"काका, प्रकाशदादा आता पन्नाशीला आले असतील. हा तरुण संघ आहे."

"असंना का. नाव हाय त्याचं ह्या संघात. कुनी काडलंय का?"

तेव्हाची नावांची वही मी कधी पाहिलीही नव्हती.

"नाही काका," मी म्हणाले. "कुणीच काढलेलं नाही."