डगमगत्या खुर्चीची दीक्षा

माणसाला आपल्यात घ्यायचे तर आधी त्याला थोडे छळावे लागते, हे सर्व समाजांनी मान्य केले आहे. कुठे नवख्याला निखाऱ्यांवरून चालवतात, कुठे मुंग्यांकडून चाववतात. नोंदणी कार्यालयात त्याला डगमगत्या खुर्चीवर बसवतात. (निखारे निदान विझतात.)

नियम सोपा: पुढचा नवखा येईपर्यंत हूं की चूं न करता बसायचे. मग माणूस 'आपला' होतो आणि त्याला खिडकीजवळची धड खुर्ची मिळते. आवक-जावक कारकून बसला त्याच आठवड्यात भरती बंद झाली, ती अकरा वर्षे. या काळात त्याच्या अंगावर चहा चारशे बारा वेळा सांडला. तो उजवीकडे कलून लिहू लागला, मग कलून चालू लागला. "लग्नाच्या फोटोत तुम्ही सरळ होतात की हो!" बायको म्हणे. पण कारकून मनातून खूश होता. इतकी मुरलेली दीक्षा अख्ख्या कार्यालयात दुसऱ्या कुणाची नव्हती.

अखेर एका सोमवारी नव्या टंकलेखिका बाई आल्या. कारकुनाने खुर्ची रुमालाने पुसून दिली. बाई बसल्या, कलल्या, उठल्या. पर्समधून पेचकस काढून त्यांनी खुर्ची उलटी केली आणि एक स्क्रू पिळला. लागलेला वेळ: चाळीस सेकंद.

"स्क्रू सैल होता हो नुसता. कुणी बघितलं नाही?"

सगळ्यांनी फायलींत डोकी घातली. हेडक्लार्कने कारकुनाला बाजूला घेतले.

"बाई सरळ बसल्या. म्हणजे विधी झाला नाही. म्हणजे तुमची खिडकी गेली."

"साहेब, अकरा वर्षं काढली!"

"कशावर काढलीत? सैल स्क्रूवर? तसं लिहून देताय का?"

कारकुनाने विचार केला. जेवणाच्या सुट्टीत "घरचं कपाट लागत नाही" म्हणून त्याने बाईंकडूनच पेचकस मागून घेतला आणि स्क्रू दोन वेढे सैल केला.

बाईंनी तो तीन दिवस पुन्हा पुन्हा पिळला. चौथ्या दिवशी मुकाट बसल्या. "चालायचंच हो," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा चहाला बोलावले गेले.

कारकुनाला खिडकी मिळाली. धड खुर्चीवर तो उजवीकडे कलून बसतो.

हसण्यापूर्वी वाचकांनी आपण कोणत्या बाजूला कललो आहोत, तेवढे तपासून घ्यावे. (पेचकस जवळ असल्यास पर्समध्येच राहू द्यावा. चहा थंड होईल.)