धुराची कोरडी चाचणी

वाफेच्या इंजिनातून धूर निघावा ही अपेक्षा तत्त्वतः गैर नाही, असं लघुरेल मंडळाच्या कार्यकारिणीने एकमताने मान्य केलं होतं. अडचण फक्त व्यवहाराची होती. मंडळाच्या सभागृहातल्या लांब टेबलांवर वीतभर लांबीची, विजेवर चालणारी वाफेच्या इंजिनांची मॉडेलं वर्षानुवर्षं धावत होती. ती शिट्ट्या मारत, दिवे लावत, डबे ओढत. पण त्यांतल्या एकानेही आजवर धुराचा ठिपकासुद्धा हवेत सोडला नव्हता. सभासदांना त्याचं काही वाटत नसे. धूर नाही तिथे खोकला नाही आणि खोकला नाही तिथे तक्रार नाही, असं अध्यक्ष म्हणत.

याला अपवाद होते एक सभासद, निवृत्त दंतवैद्य. दवाखाना लेकीच्या हवाली केल्यापासून त्यांचा जीव या इंजिनांत रमला होता आणि यंदा त्यांनी आपल्या इंजिनात धूर बसवायचं मनावर घेतलं होतं. कारण होती त्यांची आई. आईचं सासर रेल्वेच्या यार्डाला लागून. धुतलेल्या चादरींवर रोज काजळी बसायची आणि आई रोज इंजिनांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आता तिला आधाराशिवाय खुर्चीतून उठवत नव्हतं, आणि नेमकी आताच तिला त्या धुराची आठवण छळत होती.

"तुझी इंजिनं पळतात छान," ती म्हणाली, "पण मेल्यांना श्वासच नाही. एकदा धूर सोडणारं दाखव बाबा. जन्मभर शिव्या घातल्या, आता एकदा नाक भरून घेऊ दे."

"मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात दाखवतो," दंतवैद्यांनी शब्द दिला. आईच्या पुढच्या वर्षाची हमी तिचे डॉक्टर देत नव्हते, त्यामुळे प्रदर्शन म्हणजे यंदाचंच. घरी दाखवायची सोय नव्हती. रूळ बायकोने दिवाणखान्यातून कधीच हद्दपार केले होते आणि रुळांमधून इंजिनाला हुकूम पाठवणारा डिजिटल कंट्रोलर मंडळाचा, मंडळाच्या कपाटात, कुलपाआड.

दंतवैद्य कामाला लागले. दाढा कोरायच्या ड्रिलने त्यांनी चिमणीचं भोक मोठं केलं, तोंडात घालायच्या आरशाने आत डोकावून पाहिलं आणि बोटाच्या पेराएवढी धूरनळी त्यात अलगद बसवली. नळीत बारीक तार. तिच्यावर धुराच्या तेलाचे चार-पाच थेंब टाकायचे, तार तापली की तेलाचा धूर. इंजिनाच्या पोटात हुकूम ऐकणारा डिकोडर असतो. त्याला त्यांनी शिकवलं की इंजिन उभं असताना तार कोमट ठेवायची, धावताना गरम. पथ्य एकच होतं. तेलाशिवाय तार तापवायची नाही. कोरडी तापली की जळाली.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग दंतवैद्यांनी मंडळाची परवानगी मागितली.

"मागायची कशाला?" बायको म्हणाली. "गुपचूप थेंब टाकायचे आणि बटण दाबायचं. धूर काय कुणाला विचारून निघतो?"

"नियमाने जायला हवं."

"जा मग नियमाने. परत कसे येता ते बघते."

मंडळाचे अध्यक्ष कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढून चिटणिसांकडे पाहिलं.

"सभागृहात 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी आहे," चिटणीस म्हणाले.

"ती माणसांसाठी आहे हो," दंतवैद्य म्हणाले.

"पाटीवर तसं कुठे लिहिलंय?"

सगळ्यांनी मान वळवून पाटी वाचली. तसं खरंच लिहिलेलं नव्हतं. मग धूर उपसमिती नेमण्यात आली. बऱ्याच खलानंतर तिने निर्णय दिला की इंजिन धूर बाहेर सोडतं पण आत ओढत नाही, सबब हे अर्धं धूम्रपान होय. अर्ध्या धूम्रपानालाही स्वतंत्र कक्ष हवा आणि टेबलावर तसा कक्ष एकच, तो म्हणजे बोगदा. तेव्हा धूर फक्त बोगद्यात सोडावा.

"बोगद्यात सोडला तर दिसणार कुणाला?"

"कुणाला त्रास होणार नाही, ते बघा ना," अध्यक्ष म्हणाले.

दंतवैद्यांनी आईची गोष्ट सांगितली. अध्यक्षांचे डोळे पाणावले. आईपुढे नियम कसला, असं म्हणून त्यांनी बोगद्याला खिडकी मंजूर केली. खिडकीतून धूर बाहेर येईल म्हणून तिला काच आली. काचेतून लहान मुलांना धूम्रपानाचं दर्शन घडेल म्हणून ती काच दुधी ठरली. एवढं झाल्यावर उरली फक्त सुरक्षा चाचणी.

"हे तेल ज्वलनशील आहे का?" चिटणिसांनी विचारलं.

"थोडंफार. म्हणून तर थेंबाथेंबाने घालायचं."

"मग चाचणीत पास होईपर्यंत ते सभागृहात आणता येणार नाही."

"अहो, पण चाचणी धुराची आहे ना? तेलाशिवाय धूर निघेल कसा?"

"निघूच नये," अध्यक्ष म्हणाले. "चाचणीतच धूर निघाला तर सुरक्षित कसं म्हणायचं?"

"साहेब, कोरडी तापवली तर तार जळेल. इंजिनच जाईल."

"म्हणजे तुमचं यंत्र असुरक्षित आहे, असं तुम्हीच म्हणताय. लिहून घ्या हो."

आयुष्यभर दंतवैद्यांनी लोकांना तोंड उघडायला लावलं होतं. स्वतःचं उघडल्याचा पश्चात्ताप त्यांना पहिल्यांदाच होत होता. इंजिन उचलून घरी जावं असं फार वाटलं. पण मग आईला काय दाखवणार? अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. इथे तर उपसमिती होती, त्यामुळे पायही बरेच होते.

चाचणीत व्यत्यय नको म्हणून धूर होताच वाजणारी छताची घंटा काढून ठेवली गेली. डिकोडरवर दंतवैद्यांनी घातलेली उष्णतेची मर्यादाही उठवली गेली, कारण चाचणी पूर्ण क्षमतेनेच घ्यायची असते. अध्यक्षांनी बटण दाबलं. बटण सुरू करण्याचा अधिकार त्यांचा होता, बंद करण्याचा चिटणिसांचा. आणि चिटणीस चहा सांगायला गेले होते.

"बंद करा!" दंतवैद्य ओरडले. "वास येतोय!"

"चिटणीस येऊ देत."

दंतवैद्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका! चाचणी अवैध ठरेल. पुढची तारीख प्रदर्शनानंतरची आहे."

हात तिथेच थांबला. चिमणी आधी कलली, मग वाकली, मग मान टाकल्यासारखी बाजूला पडली. तिच्या बुडातून काळाकुट्ट, उग्र धूर उसळला. उपसमिती खोकत खोकत टेबलाखाली गेली. चहा घेऊन आलेल्या चिटणिसांनी ट्रे खाली ठेवला आणि बटण रीतसर बंद केलं.

"धूर निघाला की!" एक सदस्य टेबलाखालून म्हणाला. "मग नापास ना?"

अध्यक्षांनी डोळे पुसले आणि विचार केला. "धूरनळीतून धूर निघालेला नाही," ते म्हणाले. "निघाला तो इंजिनातून. इंजिनाची चाचणी विषयपत्रिकेवर नव्हती. धूरनळी उत्तीर्ण."

प्रदर्शनाच्या दिवशी ते इंजिन मधल्या टेबलावर मांडलं होतं आणि शेजारी सोनेरी चौकटीत सुरक्षेचा दाखला. दंतवैद्यांनी आईची खुर्ची ढकलत तिथवर आणली. आई वाकली, बराच वेळ पाहत राहिली.

"याला काय झालं रे?"

"पास झालं, आई."

"आणि धूर?"

"चाचणीत संपला."

आईने त्यांचा हात धरला. "रडू नकोस," ती म्हणाली. "मला तरी कुठे धड दिसतंय?" दंतवैद्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचणीच्या दिवशी बटण त्यांच्या हातापासून वीतभरच दूर होतं, आणि त्यांनी हात थांबवला होता. तारखेला घाबरून.

लोक मात्र खूश होते. रांगेने येत होते, दाखला वाचत होते, दाखल्याबरोबर फोटो काढत होते आणि धूर इतका सुरक्षित करता येतो याचं कौतुक करत पुढच्या टेबलाकडे जात होते. जळक्या इंजिनाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

हसताय? हसा. पण तुम्हीही पहिल्या ओळीपासून याच रांगेत आहात. पाटी काय म्हणाली, समिती काय म्हणाली, दाखला काय म्हणाला, सगळं तुम्ही मन लावून वाचलंत. इंजिनाचा रंग कोणता होता, हे एकदा तरी विचारावंसं वाटलं का? आईने निवडला होता तो. असो. धूर उपसमितीत एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव सुचवायला कुणाची हरकत नसावी.