टिचभर कमी व्होल्टेज

“कामिनी, त्या कम्प्युटरचं काहीही कर. त्याला हार घाल, ओवाळ, दसऱ्याला कुंकू लाव. पण प्रोसेसरच्या व्होल्टेजला हात लावू नकोस! आज तो गप्प राहील आणि नेमक्या वेळी दगा देईल.”

हे वाक्य आमच्या ह्यांचं, म्हणजे तेजसचं. ते बोलले तेव्हा मी रेवाच्या मानेवरची घामोळी तपासत होते, म्हणून नुसतं “हं” म्हटलं. शिवाय हे सगळ्याच गोष्टींबद्दल सावध करतात. टरबुजावर पाणी पिऊ नकोस, ओल्या हाताने मिक्सर लावू नकोस, कुत्र्याच्या डोळ्यांत बघू नकोस! अशा माणसाच्या इशाऱ्यांतला खरा इशारा ओळखायचा कसा? आणि मी बी.एस्सी. कम्प्युटर! तेही फर्स्ट क्लास! प्रोसेसरची आकृती मी अशी काढायचे की सर माझी वही वर्गभर फिरवायचे.

गोष्ट मे महिन्यातली. जळगावचा मे म्हणजे दुपारी नळ सोडला की थेट चहापत्ती टाकावी! मी घरूनच पुस्तकांची पानं लावायचं काम करते, म्हणून आमचा कम्प्युटर बेडरूममध्ये. कूलर तिथेच, म्हणून रेवाचा पाळणाही बेडरूममध्ये. एका बाजूने कूलर थंड हवा सोडणार, दुसऱ्या बाजूने कम्प्युटरचा डबा गरम वाफा सोडणार, आणि मध्ये माझी दहा महिन्यांची लेक! वर डब्यातल्या पंख्याची घरघर अशी, की शेजारच्यांनी विचारावं, “ज्वारी कधी आणू दळायला?”

यावर शास्त्रात उपाय आहे. कंपन्या प्रोसेसरला व्होल्टेज देतात ते आपल्याकडे पंगतीत बट्टीवर तूप वाढतात तसं. “पुरे” म्हटलं तरी अजून एक पळी! त्यातलं वरचं थोडं काढून घेतलं की प्रोसेसर कमी तापतो, पंखा हळू फिरतो, काम तेवढंच होतं. मी कम्प्युटर सुरू होतानाच त्याच्या सेटिंगमध्ये शिरले आणि व्होल्टेज टिचभर कमी केलं. चालला! अजून टिचभर. तरी चालला! मग मला भाजीबाजारातला हुरूप आला. समोरचा ‘नाही’ म्हणत नाही तोवर कमी करत जायचं! शेवटी पंखा इतका गप्प झाला, की मी डब्यावर हात ठेवून बघितलं, जिवंत आहे ना!

“आज एवढं शांत कसं?” ह्यांनी संध्याकाळी विचारलं.

“धूळ पुसली.”

म्हणजे पुसलीही होती. खोटं नव्हतं.

आता याच कम्प्युटरवर मी एक कॅमेरा लावून ठेवलाय, पाळण्याकडे तोंड करून. चित्र थेट माझ्या मोबाइलवर! भाजी घ्यायला गेले तरी एक डोळा मेथीवर, एक रेवावर. ह्यांना वाटतं मी अति करते. असेना! आई कोण आहे?

तर माझ्या नणंदेचं, मेघाचं, धुळ्याला डोहाळजेवण निघालं. त्या उन्हात घामोळ्यांच्या पोरीला घेऊन कुठे जायचं? तेव्हा शेजारच्या मोहनबाई धावून आल्या. मारवाडी जैन घरातल्या, नातवंडं सुरतला, हात शिवशिवतात. “तुम्ही जा गं निवांत. रेवा झोपली की मी तिथेच बाहेरच्या खोलीत माझी सामायिक करीन.” सामायिक म्हणजे त्यांची जपाची बैठक, एवढं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, हा पुढचा घोळ! शिवाय संध्याकाळपर्यंत माझे सासरे, पितांबर आबा, फैजपूरहून केळीचा घड घेऊन येणारच होते. सासूबाई गेल्यापासून आबा मळ्यात एकटेच असतात आणि महिन्यातून एकदा नातीसाठी घड आणतात. ती अजून कुस्करलेलं अर्धं केळंसुद्धा संपवत नाही, पण आणतात घड! मोहनबाईंची आणि त्यांची गाठ मात्र अजून पडली नव्हती.

धुळ्यात मेघा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली. आमरसाच्या वाट्या फिरत होत्या आणि त्यांच्याबरोबर माझा मोबाइल! “बघा, थेट जळगावहून!” मी सगळ्या बायकांना सांगत होते. “आवाज नाही, उष्णता नाही, की बाळ कसं झोपतं बघा. मेघा, लिहून घे.”

“किती गं गुणी पोर!” एक म्हणाली.

“मघापासून जशीच्या तशी,” दुसरी म्हणाली.

मी फुलले. मोबाइल पंगतीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. तो मेघाच्या सासूबाईंच्या, सुनंदाबाईंच्या हातात थांबला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“कामिनी, पोरगी कूस नाही बदलत?”

“गाढ झोपलीय.”

“माशीसुद्धा हाकलत नाही गं. आणि ते वरचं चिमणाळं पण हलत नाही.”

मी मोबाइल ओढून घेतला. पाळण्यावरच्या कापडी चिमण्या स्तब्ध! म्हणजे कूलर बंद! मे महिना, बंद खोली, कूलर बंद, आणि माझी रेवा हलत नाही! माझ्या हातातली आमरसाची वाटी सुनंदाबाईंच्या पैठणीवर कधी पडली, मला आजही आठवत नाही. त्यांना आठवतं.

मोहनबाईंना फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. परत लावला. परत तेच!

“अहोऽऽ!” मी बाहेर मांडवात ओरडले. “गाडी काढा! रेवा हलत नाहीये!”

ह्यांचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा झाला. आम्ही गाडीत बसलो, तशा मागच्या सीटवर सुनंदाबाईही बसल्या, मांडीवर ओटीचा नारळ, पदरावर आमरस.

“तुम्ही कशाला?”

“मी पहिल्यांदा बघितलं. मला घरी चैन पडेल का? चला!”

पारोळ्यापर्यंत मी पापणी मिटली नाही. पडद्यावर रेवा तशीच. उजवी मूठ गालाखाली, एक पाय दुपट्याबाहेर. मी तिच्या छातीवर बोटांनी चित्र मोठं मोठं करत गेले. शेवटी नुसते गुलाबी ठिपके दिसायला लागले. ठिपकेही हलत नव्हते!

“श्वास घेतेय का?” हे विचारायचे.

“दिसत नाही होऽ!”

एरंडोल मागे पडलं, तेव्हा मागून सुनंदाबाईंची मान माझ्या खांद्यावर आली.

“कामिनी, ही कडेची चिमणी अशी तिरकी का गं? दोरी अशी आडवी जाते होय? वारा नसला तर सरळ लोंबायला पाहिजे.”

मी बघितलं. खरंच! सगळ्या चिमण्या एका बाजूला उडालेल्या, आणि तशाच हवेत थांबलेल्या! गुरुत्वाकर्षण आमच्या बेडरूमपुरतं रद्द झालं होतं आणि ते मला, बी.एस्सी. फर्स्ट क्लासला, धुळ्यापासून दिसलं नव्हतं!

“म्हणजे चित्र अडकलंय!” हे ओरडले. “कम्प्युटर हँग झालाय! रेवा ठीक असेल! पण तो हँग कसा होईल? चार वर्षांत कधी...” आणि ते थांबले. गाडी पळत होती, ते थांबले. “कामिनी. व्होल्टेजला हात लावलास?”

मी खिडकीबाहेर कपाशीची रिकामी रानं बघू लागले.

“कामिनी!”

“टिचभर हो!”

सुनंदाबाई नारळ सावरत म्हणाल्या, “टिचभर काय, ते मला कळत नाही. पण माझी पैठणी पूर्ण गेली.”

मला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही. आणि तेवढ्यात फोन वाजला. आबा! घरी पोहोचले होते.

“आबा, रेवा कशी आहे?”

“कामिनी, पोरी, तू आधी घाबरू नको,” आबा दबक्या आवाजात म्हणाले. “दार आतून लावेल हाये. मी खिडकीतून पाह्यलं. एक बाई खाली बसेल हाये. हालत नही, बोलत नही. अन् तोंडाले पांढरं फडकं बांधेल हाये!”

“काऽय?”

“चोरानं बांधलं वं तिले! मी हाक मारली, तं तिनं नुसतं वर बोट दाखवलं. म्हनजे चोर माळ्यावर हाये!”

माझ्या लक्षात आलं, अडकलेलं चित्र म्हणजे काही रेवा ठीक असल्याचा दाखला नव्हे! ते चित्र मघाचं होतं. आत्ता घरात काय चाललंय, ते कोणालाच दिसत नव्हतं! माझा टिचभर शहाणपणा, आणि माझ्या लेकीवरचा माझा एकुलता एक डोळा मीच फोडून बसले होते!

“आबा, रेवा कुठे आहे?”

“ते खिडकीतून दिसत नही. पन तू काळजी नको करू. मी भाइरून कडी लावली. आता चोर जाईन कुठी? अन् माह्या हाती घड कापाचा विळा हाये!”

“आबा, कडी नका लावू! माझी पोर आत आहे!”

“आँ?” आबा म्हणाले, आणि मग जोरात, “अरे! बाई गायब झाली! आत्ता बसेल होती! आत ओढून नेली वं तिले!”

ह्यांनी पोलिसांना फोन लावला. पत्ता अगदी खणखणीत सांगितला. गल्ली, घराचा रंग, दारातलं कडुनिंबाचं झाड, सगळं. फक्त तो आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घराचा होता! पोलीस तिथे गेले आणि आमच्या जुन्या घरमालकांना झोपेतून उठवून माळ्यावर चढवलं, हे आम्हाला मागाहून कळलं.

आम्ही गल्लीत शिरलो. भर दुपार. सगळ्यांची दारं बंद, कूलर सुरू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या दारासमोर मात्र आबा! डोक्याला उपरणं, एका हातात विळा, पायाशी केळीचा घड, आणि नजर खिडकीवर. त्यांना बघून मीच घाबरले असते, तर आतल्या माणसाचं काय!

मी कडी काढली. दार उघडेना! आतूनही कडी!

“रेवाऽऽ!” मी दारावर हात आपटले. “काकू! मोहनबाई काकू!”

आतून बारीक आवाज आला, “कोण? कामिनी? बेटा, मागे हो! तुझ्या मागे विळेवाला उभा आहे!”

मी मागे बघितलं. आबांनीही मागे बघितलं.

“काकू, ते माझे सासरे आहेत!”

आतली कडी सरकली. दारात मोहनबाई, एका हातात लाटणं, कडेवर रेवा! रेवाच्या तोंडात जपमाळेचं टोक, आणि आबांना बघून बोळकंभर हसू! मी तिला अशी घट्ट धरली, की शेवटी तिनेच मला ढकललं.

“अहो, ते तोंडावरचं फडकं?” ह्यांनी विचारलं.

“मुहपत्ती!” मोहनबाई कडाडल्या. “आम्ही सामायिकाला बसताना बांधतो. त्यात उठायचं नाही, बाकीचं बोलायचं नाही, म्हणून तर मी फोनसुद्धा घरी ठेवून आले! रेवा झोपलेली, म्हणून मी एकाला एक जोडून बसले. हे खिडकीतून ओरडायला लागले, मी घड्याळाकडे बोट दाखवलं, अजून वेळ आहे म्हणून! तर यांनी पिशवीतून विळाच काढला! सामायिक पूर्ण झाली तशी मी पोरीला उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हटलं, जे होईल ते होईल, पोर देणार नाही!”

आबांनी विळा हळूच घडामागे लपवला. “माफ करजा ताई. मले वाटलं...”

“मलाही तेच वाटलं,” मोहनबाई म्हणाल्या, आणि लाटणं पदराआड घेतलं.

“रेवा कधी उठली?” मी विचारलं.

“मी कुठे उठवली? तुझ्या त्या डब्याची बारीक घूं घूं चालू होती ना, ती एकदम बंद झाली. झाला डबा गप्प, तशी ही टुणकन जागी! मग पाळण्यात पडल्या पडल्या किती वेळ आपली गात होती.”

म्हणजे मी ज्या आवाजावर उपाय केला, त्याच आवाजावर माझी लेक झोपत होती! सुनंदाबाईंनी ओटीचा नारळ मोहनबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “बाई, मला आधी एक जुनं लुगडं द्या.”

त्या दिवसापासून व्होल्टेज पूर्ववत आहे. ह्यांनी स्वतः बसून केलं, माझ्याकडे एकदाही न बघता. आबा मात्र हरखले. कॅमेऱ्यात नात दिसते हे त्यांना त्या दिवशी नव्याने कळलं, आणि त्यांनी माझ्याकडून ते चित्र आपल्या मोबाइलमध्ये घालून घेतलं. आता ते मळ्यात बांधावर बसून दिवसभर रेवाला बघतात. ती हसली की मला फोन, ती रडली की ह्यांना फोन. बरं वाटतं. एकट्या माणसाला सोबत झाली.

फक्त एक झालंय. आज उकाडा फारच होता. म्हणून सकाळी मी डब्यातला पंखा पूर्ण वेगात लावला, म्हणजे रेवाला झोपवणारा आवाज शाबूत! आणि व्होल्टेज अगदी इवलंसं, टिचभरसुद्धा नाही, अर्धी टिच कमी केलं. मघाशी रेवाला घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि सहज मोबाइल बघितला, तर पडद्यावर ती अजून पाळण्यात आहे. चिमण्या तिरक्या. आणि आबा फोन उचलत नाहीयेत!

तुमच्यापैकी कोणी फैजपूरकडचं असेल, तर कृपा करून पितांबर आबांच्या मळ्यात एक चक्कर टाका. ते बांधावर बसलेले दिसले, तर सांगा की रेवा माझ्या मांडीवर खेळतेय. दिसले नाहीत, तर तेवढं बघून कळवा, विळा खुंटीवर आहे का? नसला, तर मी मोहनबाईंना सावध करायला मोकळी!