कोपऱ्यावरची घागर

वीरण्णाला संघात घ्यायचं की नाही, यावरून मन्मथच्या हॉटेलात सकाळी जी जुंपली ती दुपार कलली तरी मिटेना. उदगिरात फुटबॉलचा विषय निघाला की माणसं जेवण विसरत. मागच्या पिढीतले काही जण हैदराबादेत शिकायला गेले आणि येताना हा खेळ घेऊन आले. त्यांतले पहिले म्हणजे शिवगंगाचे वडील, गुरुपादप्पा. त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण गाव या आप्पांना ओळखायचं ते पंच म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर आप्पा गेले. त्याआधी पावसाळ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला होता. तोवर उदगीरची पोरं उस्मानाबादच्या नावानं खेळायची. 'आपल्या जिल्ह्याच्या नावावर एक तरी गोल बघू द्या, मग बोलावणं आलं तरी चालंल,' असं आप्पा म्हणायचे. बोलावणं आधी आलं. सामना आता उन्हाळ्यात ठरला होता. नव्या लातूर जिल्ह्याची ही पहिलीच लढत होती, आणि तीही थेट नांदेडशी.

"वीरण्णा न्हाई तर गोल कोण मारणार, तुझा आजा?" कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं.

"गोल मारतो हो, पण तोंड बी मारतो. गेल्या खेपेला पंचाला शिवी दिली म्हणून आप्पानंच बाहेर काढलं त्याला. वर पुढच्या सामन्याची बंदी."

"आप्पा गेले. बंदी बी गेली."

शिवगंगा मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. शाळा सुटून ती रस्त्यानं चालली होती, तेवढ्यात मन्मथनं हाक मारली. हा मन्मथ आप्पांचा जिवलग. आप्पांशी भांडण्यात त्याचा अर्धा जन्म गेला होता, आणि आता भांडायला तोलामोलाचं कोणी उरलं नाही म्हणून तो खंगत चालला होता.

"शिवगंगे, तूच सांग. आप्पाची बंदी ऱ्हाती का जाती?"

"बंदी आप्पांची नव्हती काका, नियमाची होती. ती राहते."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वीरण्णानं मान खाली घातली.

"पण ती भोगून झालीय," शिवगंगा म्हणाली. "संक्रांतीच्या गावातल्या सामन्याला तो बाहेर बसला होता."

"म्हंजी घ्यायचा?"

"ते तुम्ही ठरवा. मी नियम सांगितला."

ती निघून गेल्यावर मन्मथनं कप विसळला, म्हणजे कालच्याच पाण्यात बुडवून काढला, आणि म्हणाला, "बापावर गेलीय. फैसला सांगती, सल्ला देत न्हाई."

सामन्याच्या दिवशी वेगळंच विघ्न उभं राहिलं. पंच आलाच नाही. उस्मानाबादच्या मंडळींनी कळवलं, तुमचा जिल्हा आता वेगळा, तुमचं तुम्ही बघा. लातूरच्या नव्या कचेरीत विचारलं तर उत्तर मिळालं की खेळांचं टेबल अजून उस्मानाबादहून यायचं आहे. टेबल आलं की त्यावर बसून बघू. इकडे नांदेडचा संघ एस.टी.तून उतरून बूट बांधून तयार. त्यांचे प्रमुख लिंबाजी मास्तर मुखेडचे होते, शब्दाला पक्के आणि आवाजाला त्याहून पक्के.

"पंच तिसऱ्या जिल्ह्याचा लागतो," ते म्हणाले.

"तिसरा जिल्हा आता आणू कुठून? मी होतो पंच," मन्मथ म्हणाला.

"तुम्ही झालात तर आम्ही हीच एस.टी. धरून माघारी जातो. न खेळता हरलेलं बरं." मग मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, "गुरुपादप्पाची लेक हाय न्हवं इथं?"

"हाय की. पण ती आमच्या जिल्ह्याची."

"असू द्या. त्या माणसानं मला दोनदा मैदानाबाहेर काढलं. दोन्ही टायमाला चूक माझी होती. लेकीवर भरवसा हाय माझा."

शिवगंगा घरी शिट्टी आणायला गेली. आप्पांच्या फोटोशेजारच्या खुंटीवर ती तशीच लटकत होती. कोणी काढली नव्हती, कोणी पुसलीही नव्हती. तिनं ती पदरानं पुसून गळ्यात घातली, पदर खोचला आणि कॅनव्हासचे बूट चढवले. पहाटेच पाण्याच्या रांगेत घागर ठेवून घरी आलेली आई, म्हणजे गुरम्मा, दारात उभी होती.

"लुगडं नेसून पळणार हाईस का एवढ्या गड्यांमागं?"

"आप्पा धोतर नेसून पळायचे, अव्वा."

गुरम्मानं विचार केला. "ते पडायचे बी," ती म्हणाली आणि पाण्याच्या रांगेकडे चालू लागली.

पाणी. सगळं तिथेच येऊन अडत होतं. विहिरींना तळ दिसत होता आणि टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसे. शाळेच्या मैदानाच्या रेघा मारायच्या तर चुना कालवायला पाणी नाही. तीन बाजूंना चुलीतली राख टाकून भागवलं. चौथ्या बाजूला मात्र बायांनी पहाटेच घागरी नंबरला लावल्या होत्या. नंबर म्हणजे देवाचा शब्द. घागर ठेवली की बाई घरी जाऊन भाकरी करून येई, तिच्या घागरीला कोणी बोट लावत नसे. ती रांग अशी सरळ होती, की शिवगंगानं दोन्ही कप्तानांना बोलावून सांगितलं, "या बाजूला घागरींची रांग हीच रेघ. आणि या कोपऱ्याची काठी कोणीतरी चारा छावणीत जनावरं बांधायला नेलीय. तेव्हा ही पहिली घागर म्हणजे कोपऱ्याचा झेंडा. झेंड्याला लागून चेंडू आत आला तर खेळ चालू. मान्य?"

दोघांनी माना हलवल्या. पहिली घागर गुरम्माची होती. पितळी, गळ्याशी नाव घातलेली: गुरुपादप्पा.

"आप्पा कोपऱ्यावर उभे ऱ्हाणार तर," मन्मथ पुटपुटला आणि गर्दीत जाऊन बसला.

पूर्वार्धात गोल झाला नाही, पण शिवगंगाचा जम बसला. सुरुवातीला हसलेली पोरं तिच्या शिट्टीला थांबू लागली. बाहेरून उगाच ओरडणाऱ्या मन्मथला तिनं जवळ जाऊन शांतपणे सांगितलं, "काका, आणखी एकदा ओरडलात तर भिंतीपलीकडे बसावं लागेल." मन्मथ खाली बसला. नंतर शेजाऱ्याच्या कानात, ऊर भरून, म्हणाला, "बघितलं का? डिट्टो आप्पा. मला तेबी भिंतीपलीकडंच बसवायचे."

खेळ रंगात आला आणि टँकर आला.

एरवी तो शाळेच्या फाटकातून यायचा, पण फाटकात बघ्यांची गर्दी. ड्रायव्हरनं वळसा घातला आणि मैदानाच्या मागून येऊन कोपऱ्याच्या मागेच गाडी लावली. रांगेत एकच हलकल्लोळ उडाला.

"ओ बायांनो, जरा दम धरा," मन्मथ हात जोडून म्हणाला. "सामना संपू द्या, मग भरा."

"तुझ्या हाटेलातला चहा कशाचा असतो रं मन्मथ? फुटबॉलचा?" गुरम्मा म्हणाली. मन्मथनं जोडलेले हात सोडले.

नेमकी याच वेळी वीरण्णानं नांदेडच्या दोघांना चकवलं. घागरींच्या कडेनं तो असा सुटला की बायासुद्धा पाणी विसरून बघू लागल्या. पण पुढे ढकललेला चेंडू त्याला दाद देईना. तो कोपऱ्याकडे, बाहेर, चाललाच होता की ठण्णकन घागरीवर आदळला आणि उलटा फिरून गोलासमोर आला. तिथे पंढरी नावाचा निलंग्याचा काटकुळा पोरगा उभा होता. तो आधीपासून कशासाठी उभा होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं पाय लावला. चेंडू आत गेला.

शिवगंगाची शिट्टी वाजली आणि तिचा हात मधल्या रेघेकडे गेला. गोल. लातूर जिल्ह्याचा पहिला गोल, आणि तो आप्पांच्या नावाच्या घागरीला लागून. टोप्या, उपरणी, एक छत्री, सगळं हवेत उडालं. मन्मथ रडत होता.

"बाई," लिंबाजी मास्तर धावत आले. "घागर हललेली हाय. आत आली होती ती."

"जिथं ठेवली तिथंच हाय," दहा जण ओरडले. "झेंड्याला लागला तर खेळ चालू. तुमच्याच कप्तानानं मान डोलावली."

"थांबा. मी बघते," शिवगंगा म्हणाली आणि कोपऱ्याकडे चालत गेली.

घागर आडवी पडली होती. पोटाला पोचा आला होता. राखेची रेघ जिथे संपत होती तिथे धुळीत एक वाटोळा ठसा होता, घागरीच्या बुडाचा. आणि घागर जिथून पडली तिथे दुसरा तसाच, मैदानाच्या चांगलाच आत. पहिला ठसा आता तिच्या बुटाच्या टोकाशी होता. बाकी सगळी गर्दी गोलापाशी नाचत होती. पाय जरा फिरवला असता तर ठसा राहिला नसता, आणि आप्पांच्या जिल्ह्याचा गोल राहिला असता.

तिनं पाय मागे घेतला.

"अव्वा," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही घागर कोणी हलवली?"

गुरम्मा टँकरच्या नळापासून वळली. गर्दीतून मन्मथ तिला हातानं, डोळ्यांनी, शेवटी उपरण्यानं 'न्हाई म्हण' असं खुणावत होता.

"मी," गुरम्मा म्हणाली. "टँकर मागून आला तर घागर चाकाखाली जाऊ देऊ का? म्हणून आत सारली. पाणी आल्यावर घागर झेंडा म्हणून हुबी ऱ्हाती व्हय?"

"चेंडू लागायच्या आधी सारली की नंतर?"

"आधी. नंतर कशाला सारू? नंतर तर पोचा आला." तिनं मन्मथकडे बघितलं. "आन तू काय माशा हाकलाय लागलास रं कवापासून?"

शिवगंगानं शिट्टी वाजवली. "घागर जागेवर नव्हती, म्हणजे ती झेंडा नव्हती. बाहेरच्या वस्तूला चेंडू लागला. गोल नाही. चेंडू जिथं लागला तिथं मी तो वरून सोडते, तिथून खेळ सुरू."

आता वीरण्णा काय करतो, याच्याकडे सगळं गाव डोळे लावून होतं. तो गोलातून चेंडू उचलून लांब लांब ढांगा टाकत आला. लिंबाजी मास्तर सावधपणे एक पाऊल मागे सरले. वीरण्णा शिवगंगासमोर थांबला आणि चेंडू तिच्या हातात दिला.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "मला बी दिसली होती हललेली."

"मग बोलला का नाहीस?"

"मागल्या खेपेला बोललो म्हणून बाहेर बसलो की."

सामना बिनगोल सुटला. कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही, पण संध्याकाळी मन्मथच्या हॉटेलात जो तो असा बसला होता जणू ढाल जिंकून आणलीय. नांदेडच्या पोरांना चहा फुकट होता. जो येईल त्याला मन्मथ तोच प्रसंग पुन्हा सांगत होता, आणि दर खेपेला गोल आणखी लांबून मारलेला आणि आणखी निश्चयानं नाकारलेला होता.

"आमच्या पंचानं आमचा गोल काढला," तो नांदेडच्या कप्तानाला बजावत होता. "आहे का असा पंच तुमच्या जिल्ह्यात?"

लिंबाजी मास्तर एस.टी.कडे निघता निघता पाण्याच्या रांगेपाशी आले. शिवगंगा आईच्या घागरीला हात लावायला तिथे उभी होती. साक्ष देण्यात गुरम्माचा वेळ गेला, पण तिचा नंबर बायांनी तसाच राखून ठेवला होता.

"बाई, पुढच्या साली सामना नांदेडला. पंच तुम्हीच."

"पण तुम्हाला पंच तिसऱ्या जिल्ह्याचा लागतो ना, मास्तर?"

"आता न्हाई लागत." मास्तरांनी पोचा आलेल्या घागरीकडे बोट केलं. "एकच अट हाय. कोपऱ्याला हीच घागर आणा. पण आईंना घरी ठिवा."

गुरम्मानं भरलेली घागर कडेवर घेतली. पोचा नावाच्या खाली आला होता, नावाला काही झालं नव्हतं.

"घागर आली तर मी बी येणार," ती म्हणाली. "मालकाचं नाव हाय तिच्यावर. त्यास्नी एकलं कसं धाडू नांदेडला?"