बिनवासाचे मोजे

गिरगावच्या चाळीतला म्हातारा म्हटल्यावर तुम्ही पेटी, पत्ते, पेन्शन अशी तयारी केली असेल. आवरा ते. आमचे नेनेकाका गॅलरीतल्या दोरीवरचे मोजे हुंगतात.

वास आला की खूश. नाही आला की मेलात! "कुठून घेतलेस? वास का येत नाही? चांदी आहे ना यात?" मी कराडहून नोकरीला आलो, शेजारची खोली घेतली, तेव्हा आमची ओळख झाली ती अशी. मला वाटलं, मोजेचोर.

भानगड वेगळीच होती. वास येऊ नये म्हणून हल्ली मोज्यांत चांदीचे कण घालतात. इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाहीत. मोजे धुतले की ते मोरीतून गटारात, गटारातून समुद्रात. पुढे त्यांचं काय होतं, हा काकांचा संशय. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे ना! मच्छीमार नगरहून समुद्राचं पाणी आणि गाळ आणतात, बरणीत भरतात, त्यात मोजे धुतलेलं पाणी ओततात आणि अंधार करून टॉर्च मारतात. पाण्यात उजेडाचा पट्टा दिसला, की कण तरंगतायत. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू एकमेकांना चिकटतात, जड होतात, गाळात जाऊन काळे पडतात.

मी म्हणायचो, "बसले की काका."

"बसलेत, की दबा धरून बसलेत? आणि विरघळलेत ते तुझ्या टॉर्चला दिसतात?"

असे कण बनवणाऱ्या पुण्यातल्या कंपनीत त्यांचा मुलगा आहे, मंदार. तो म्हणाला, "सगळं गाळात बसतं, बाबा." हे म्हणाले, "सिद्ध कर." त्यावरून असं वाजलं, की पोरगा गणपतीलाही आला नाही.

आता मला नकलांची खाज. एका रविवारी काका पाणी आणायला गेलेले, त्यांचा फोन माझ्याकडे चार्जिंगला. वाजला. मी काकांच्या आवाजात, "कोण?"

"बाबा, मी मंदार."

"पुरावा काय?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "बरण्यांचं काय झालं?"

माझी फाटली. पण आवाज सोडला नाही. "बसलं रे सगळं. तुझं बरोबर होतं."

मग, "शनिवारी येऊ?"

"ये."

काका कॅन घेऊन आले. मी सगळं सांगून टाकलं.

"गाढवा! सगळं बसलं, हे कोणी ठरवलं? विरघळलेलं कोण मोजणार, तुझा बाप? माझ्या आवाजात खोटा निष्कर्ष देतोस? तो आला की कान धरून सांगायचं, अजून काहीही सिद्ध झालेलं नाही! दात काय काढतोस? सकाळच्या गाडीने येतोय की दुपारच्या? विचारलं नाहीस? एवढी अक्कल नाही? बघत काय बसलायस, त्या कॉटवरच्या बरण्या उचल आधी. झोपेल कुठे तो?"