कोरसची जागा

उत्तममामा गाण्याची एक ओळ म्हणतात आणि तेवढाच वेळ गप्प राहतात. मग दुसरी ओळ. पुन्हा गप्प. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, मोबाइल अडकला.

मामा शिरूरला आमच्या शेजारी राहतात, रांजणगावला कंपनीत पॅकिंगला आहेत. अर्धं आयुष्य ते आप्पांच्या गायन पार्टीत कोरसला उभे होते. आप्पांनी ओळ म्हणायची, कोरसनं उचलायची. मग एके दिवशी मामांनीच जाहीर केलं, "पार्टी सोडली. आता आपण इंडिपेंडंट." पार्टी बंद पडली, आप्पा दौंडला लेकाकडं राहायला गेले. "कोरसवाल्याच्या डोक्यात हवा गेली, म्हाताऱ्याची पार्टी मोडली," असं सगळी गल्ली म्हणाली.

मामा म्हणाले, "गेली हवा. मग?"

आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी पहिली मी. त्याचा मला अभिमान आहे आणि मामांना उपयोग. स्वतः रचलेली गाणी ते गोधडीत डोकं खुपसून रेकॉर्ड करतात, कुकरची शिट्टी नको म्हणून. घामाघूम होऊन बाहेर येतात आणि मोबाइल माझ्या हातात देतात. "ग्रॅज्युएट, टाक नेटवर."

"मामा, ही मधली शांतता कापू का?"

"हात लावू नको. ती कोरसची जागा हाय."

"पण तुम्ही तर इंडिपेंडंट ना?"

"म्हणून काय जागा इकायची व्हय?"

अशात दौंडजवळच्या वरवंडहून एकट्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. पहिलंच. तिथं हसं झालं तर पुन्हा कुणी स्टेज देणार नव्हतं. मी बजावलं, "आज तरी सलग गा."

मामी म्हणाल्या, "कुणाला सांगतीस? जेवताना दोन घासांत बी जागा सोडत्यात."

वरवंडला मामांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. साऊंडवाला धावत आला, वायर हलवून गेला. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा आला, माइकवर टकटक केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, रेंज गेली का?" मांडव हसला. मामांच्या कपाळावर घाम आला, पण थांबायचं तेवढं ते थांबलेच.

तिसऱ्या ओळीनंतर पुढच्या खुर्चीतून टाळी आली, तालात. गळ्याला मफलर गुंडाळलेले आप्पा. त्यांनी मामांची ओळ उचलली. आवाज नव्हताच, नुसता वारा. मामांनी माइक काढला, खाली उतरले आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. चौथ्या ओळीला अख्खा मांडव कोरसला होता.

निघताना आप्पांनी माझं मनगट धरलं आणि कानाशी कुजबुजले, "पार्टी त्यानं न्हाई सोडली, पोरी. माझा गळा गेला. आप्पाचा आवाज संपला असं कुणी म्हणू नये, म्हणून बोल त्यानं सोताकडं घेतला."

"काय म्हणत्यात आप्पा?" गाडीला किक मारत मामांनी विचारलं.

"दुसऱ्या कडव्याला सूर उतरला म्हणतायत."

मामांचा चेहरा उजळला. "बघ. म्हंजी नीट ऐकलंय त्यांनी."