देवतळे सरांचा पाऊस

आमच्या शेजारचे देवतळे सर रोज संध्याकाळी माझ्याकडून पाऊस पाडून घ्यायचे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत, त्यांच्या ओट्यावर, एका फाशानं. सहा पडला तर भरपूर पाऊस. एक पडला तर दुष्काळ, आणि एक वाघ उचलायचा.

सर कॉलेजात गणित शिकवत. मी चौथी शिकलो आणि जन्मभर सायकलरिक्षा चालवली. पण न समजता मान डोलावणारा मी नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय मांडून राहिले सर?"

"जंगल."

चिंचोके म्हणजे चितळ, सीताफळाच्या काळ्या बिया म्हणजे वाघ. चितळ वाढले की वाघ वाढतात. वाघ वाढले की चितळ सरतात, मग वाघ उपाशी मरतात आणि चितळ पुन्हा वाढतात.

"समीकरणात हे चक्र थांबतच नाही, गणपतराव. पण समीकरणात ऊन नसते. म्हणून फासा."

"मंग कम्प्युटरले सांगा. मले काहून?"

"कम्प्युटरचा फासा हिशेबातून निघते. मले खरा बेभरवसा पाहिजे. तुमचा हात तसा आहे."

उभ्या नागपुरात माझ्या हाताला असं कोणी बोललं नव्हतं. मी ओट्याकडे फिरकणंच सोडलं. शेवटी सर दारात आले, "चला गा, जंगल वाळून राहिलं," तेव्हा गेलो.

नियम कडक. फासा उलटवायचा नाही, पुन्हा टाकायचा नाही. एकदा चहा ठेवताना सुलभाताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, पदर लागून एकचा चार झाला. सर ओरडले, "निसर्गात लुडबूड करू नको!"

"तुमच्या निसर्गात चहा बसते का? नाही तर नेते वापस."

सरांचं एक ठरलेलं, "सरासरीवर जाऊ नका." म्हणे पुष्कळ डावांची सरासरी काढली तर वाघ टिकलेले दिसतात, पण एकेक डाव पाहा, कोणता ना कोणता दुष्काळ त्यांना गाठतोच. भाजीवाल्यालाही सोडत नसत. "सरासरी टमाटर चांगले असतील बाप्पा, मले भेटला तो सडका आहे."

मागच्या मे महिन्यात सुलभाताई गच्चीवर कुरड्या वाळवायला गेल्या आणि ऊन लागून पडल्या. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, बहुतेक वाचतात."

ताई वाचल्या नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर सर एवढंच बोलले, "डॉक्टर सरासरी सांगून राहिला होता."

मग ओटा रिकामाच. पावसाळा गेला, हिवाळा गेला. परवा सरांनी हाक मारली, "पाऊस पाडा, गणपतराव."

पाहतो तर चिंचोके पुष्कळ, काळी बी एकच.

"एका वाघाचं काय जंगल, सर? डाव संपला. नवा मांडा."

"तो आहे ना अजून. त्याले टाकून नवा कसा मांडू?"

मी फासा टाकला. एक पडला.

सरांनी बी उचलली नाही. "किती आहे?"

"दिसत नाही का तुमाले?"

"चष्मा आत राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी कोणासाठी खोटं बोलत नाही, गल्लीत कोणालाही विचारा.

"सहा," मी म्हटलं. "भरपूर पाऊस."

सरांनी फासा न पाहता खिशात टाकला आणि चहा ठेवायला आत गेले.